सर्व्हरला डिस्क दिसेना, तेव्हा

जुना सर्व्हर चालू केला आणि त्याला हार्ड डिस्क सापडेनात, की ऑफिसात पहिला उद्गार ठरलेला असतो: डिस्क गेल्या. दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो: आता फॉरमॅट मारून सगळे नव्याने लोड करून घ्या. पहिला उद्गार बऱ्याचदा चुकतो. तो चुकलेला असताना दुसरा अमलात आणला, तर होणारे नुकसान कुठल्याही इंजिनिअरला भरून काढता येत नाही. म्हणून इथे एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. डिस्क दिसत नाही याचा अर्थ डिस्क आणि पडदा यांच्यामधल्या लांबलचक वाटेवर ती कुठेतरी अडली आहे. ती नेमकी कुठे अडली हे कळेपर्यंत तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाता कामा नये.

कराड, पाटण, वाळवा, पलूस या पट्ट्यात हा विषय किरकोळ नाही. इथला पैशाचा बराचसा व्यवहार सहकारातून चालतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा किंवा यशवंतनगरचा सह्याद्री यांच्यासारखे मोठे साखर कारखाने सर्वांना ठाऊक असतात. पण त्यांच्याभोवती पतसंस्था, विकास सेवा सोसायट्या, दूध संस्था, दवाखाने, तासवडे एमआयडीसीतले छोटे उद्योग असे मोठे जाळे आहे. त्यातल्या लहान संस्थांना दर पाच वर्षांनी नवा सर्व्हर घेणे परवडत नाही. डेलचे पॉवरएज २९५० किंवा आर ७१०, एचपीचे डीएल ३८० यांसारखी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची यंत्रे मोठ्या कंपन्यांतून निघतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून स्वस्तात गावोगावी पोचतात. त्यात गैर काही नाही. ही यंत्रे दणकट असतात आणि नीट सांभाळली तर चालत राहतात. मात्र त्यांच्यावर काय ठेवलेले असते ते पाहा: पिग्मीचा रोजचा भरणा, सभासदांचे कर्जखाते, काट्यावरच्या वजनाच्या नोंदी. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात, आणि तो हिशेब वजनाच्या नोंदींवरच उभा असतो. अशा नोंदी घाईत पुसल्या गेल्या, तर त्याची झळ थेट शेतकऱ्याच्या घरापर्यंत जाते.

आता ती वाट पाहू. डिस्कला आधी वीज लागते. ती पॉवर सप्लायमधून निघून बॅकप्लेनवर येते. बॅकप्लेन म्हणजे डिस्कचे ट्रे ज्या उभ्या सर्किट बोर्डात जाऊन बसतात तो. तिथून डेटाची केबल रेड कंट्रोलरकडे जाते. कंट्रोलर अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांची एक डिस्क असल्याचे पुढे दाखवतो. बायोसला ही एकत्र बांधलेली डिस्क दिसावी लागते, मग ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कंट्रोलरचा ड्रायव्हर असावा लागतो, आणि सगळ्यात शेवटी त्या डिस्कवरचे फोल्डर उघडतात. या सगळ्यांपैकी एक कडी तुटली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम तोच: डिस्क नाही. म्हणजे एका लक्षणामागे सात-आठ कारणे उभी आहेत आणि 'डिस्क मेली' हे त्यातले फक्त एक आहे.

संभाव्यतेचा विचार केला तर हे कारण आणखी मागे पडते. काल संध्याकाळपर्यंत चारही डिस्क चालत होत्या आणि आज सकाळी चारही दिसत नाहीत, असे झाले तर चार वेगवेगळी यंत्रे एकाच रात्री एकदम निकामी झाली असे मानावे लागते. त्यापेक्षा चौघांना सामाईक असलेली एक वस्तू बिघडली हे मानणे कितीतरी सयुक्तिक आहे: कंट्रोलर, बॅकप्लेन, केबल, पॉवर सप्लाय किंवा बायोसमधले एखादे सेटिंग. चारपैकी एकच डिस्क दिसत नसेल तर संशय त्या डिस्ककडे वळवणे रास्त आहे. सगळ्याच गायब असतील तर तो वरच्या दिशेने गेला पाहिजे.

यावर जाणकार आक्षेप घेईल की सगळ्या डिस्क एकदम जाण्याची उदाहरणे आहेत. आहेतच, आणि ती ध्यानात ठेवली पाहिजेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने स्वतःच जाहीर केले की तिच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील. हे तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. दोष फर्मवेअरमध्ये होता. एकाच दिवशी बसवलेल्या एसएसडी एकाच सुमारास त्या आकड्याला पोचणार हे उघड होते, आणि बंद पडल्यावर ना एसएसडी परत मिळत होती ना डेटा. उपाय एकच होता, मुदतीआधी फर्मवेअर बदलणे. पण २००९ च्या सुरुवातीचे सीगेट बाराकुडा ७२००.११ चे प्रकरण याच्या उलट बाजूचे आहे. त्या डिस्कही फर्मवेअरच्या दोषाने बायोसला दिसेनाशा होत, तरी आतल्या तबकड्यांवरचा डेटा जसाच्या तसा असे. तिसरा प्रकार आपल्याकडचा. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, अर्थिंग कच्चे असते आणि वाढीव व्होल्टेज डिस्कच्या सर्किटपर्यंत पोचते. तेव्हा बहुधा सर्किटवरचा संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि डिस्क फिरायचीच थांबते. तबकड्यांना मात्र धक्का लागलेला नसतो. म्हणजे अपवाद धरले तरी त्यातल्या पुष्कळ ठिकाणी डेटा शाबूतच असतो, आणि न लिहिण्याचा नियम आणखी पक्का होतो.

म्हणून पहिल्या तासात काय करायचे नाही, हे आधी ठरवावे. कंट्रोलरच्या मेनूत 'इनिशियलाइज', 'क्रिएट न्यू व्हर्च्युअल डिस्क', 'क्लिअर कॉन्फिगरेशन' असे पर्याय समोरच असतात. त्यांना हात लावू नये. विंडोज कधी कधी आपण होऊन विचारते की ही डिस्क इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का. उत्तर नाही असे द्यावे. चेकडिस्क चालवू नये, कारण तो दुरुस्तीच्या नावाखाली लिहितो. डिस्क या खाचेतून त्या खाचेत फिरवून पाहू नयेत. सर्व्हर दहादा बंद-चालूही करू नये. एखादी थकलेली डिस्क अजून एकदाच फिरणार असेल, तर ती एक वेळ आपण वाया घालवतो. बंद असताना प्रत्येक ट्रेवर मार्करने खाचेचा क्रमांक लिहावा, बहुतेक सर्व्हरमध्ये तो शून्यापासून सुरू होतो. पुढून, मागून, झाकण काढून आतून फोटो घ्यावेत. पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक संदेशाचाही फोटो घ्यावा, कारण फोनवर सांगताना "काहीतरी एरर येते" एवढेच सांगितले जाते आणि त्यावरून कोणालाच निदान करता येत नाही.

खरे निदान सुरू होते पडद्यापासून. सर्व्हर चालू झाल्यावर विंडोज येण्याआधी कंट्रोलर स्वतःचे नाव सांगतो. डेलच्या पर्क कार्डावर कंट्रोल आणि आर दाबा असे येते, एचपीच्या जुन्या स्मार्ट ॲरेवर एफ ८, एलएसआयच्या मेगारेडवर कंट्रोल आणि एच. या काही सेकंदांत अर्धे उत्तर मिळते. कंट्रोलरचे नावच आले नाही तर डिस्कचा विचार सोडून द्यावा. कार्ड खाचेत सैल झाले आहे, बंद पडले आहे किंवा बायोसमध्ये निष्क्रिय झाले आहे. नाव आले, त्याच्या मेनूत प्रत्यक्ष डिस्कची यादीही आली, पण एकत्र बांधलेली डिस्क शून्य दाखवत असेल, तर बिघाड डिस्क एकत्र बांधण्याच्या मांडणीच्या नोंदीत आहे आणि ही बातमी चांगली आहे. प्रत्यक्ष डिस्कच यादीत नसतील तर वीज, केबल, बॅकप्लेन. आणि सगळे व्यवस्थित, मांडणीपुढे 'ऑप्टिमल' लिहिलेले, तरीही विंडोज उठत नाही, तर बूटचा क्रम किंवा ड्रायव्हर. या चार फाट्यांपैकी आपण कोणत्या फाट्यावर आहोत हे न कळता केलेली कुठलीही दुरुस्ती अंदाजपंचे असते.

बायोसच्या बाबतीत एका छोट्या वस्तूकडे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी. ती नवी असताना ३ व्होल्टच्या आसपास असते. दहा वर्षांच्या सर्व्हरमध्ये ती दमलेली असते, पण सर्व्हर रात्रंदिवस चालू असल्याने कळत नाही. मग एखाद्या दिवाळीत ऑफिस चार दिवस बंद राहते, किंवा महावितरणचा पुरवठा यूपीएसच्या दमापेक्षा जास्त वेळ जातो आणि बायोस आपली सगळी सेटिंग विसरतो. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले की ही बॅटरी मल्टिमीटरवर तपासावी, २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदलावी. पण नुसती बॅटरी बदलून काम संपत नाही. लहान टॉवर सर्व्हरमध्ये वेगळे कंट्रोलर कार्ड नसते, मदरबोर्डवरचा साटा भागच रेडचे काम करतो, आणि सेटिंग पुसले की तो रेडऐवजी साध्या पद्धतीवर येतो. तिथे एक धोका लपलेला आहे. दोन डिस्कवर एकच डेटा असणारी रेड १ ची मांडणी असेल, तर या अवस्थेत विंडोज एका डिस्कवरून उठू शकते आणि तिच्यावर लिहू लागते; दुसरी मागे राहते. मग दोन जुळ्या प्रतींत फरक पडतो. म्हणून घड्याळ चुकलेले दिसले की विंडोज सुरू होऊ देण्याआधी बायोसमध्ये शिरून साटाची पद्धत पूर्वीचीच आहे ना, ते पाहावे.

कंट्रोलरला डिस्क दिसतात पण मांडणी दिसत नाही, या फाट्यावर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' असा शब्द भेटतो आणि तो वाचून माणूस घाबरतो. अर्थ साधा आहे: डिस्कवर मांडणीची नोंद आहे, पण ती कंट्रोलरच्या स्मरणातल्या नोंदीशी जुळत नाही. कार्ड बदलल्यावर किंवा डिस्क काढून परत बसवल्यावर असे होते. मांडणीची नोंद डिस्कवरच असणे ही यातली जमेची बाजू आहे. म्हणूनच बंद पडलेल्या कार्डाच्या जागी त्याच घराण्यातले कार्ड बसवून डेटा जसाच्या तसा उचलता येतो. पर्क ६ ची मांडणी पर्क एच ७०० ओळखतो. डेलची मांडणी एचपीचे कार्ड मात्र ओळखत नाही. मेनूत 'इम्पोर्ट' आणि 'क्लिअर' हे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. इम्पोर्ट म्हणजे डिस्कवरची नोंद स्वीकारणे, क्लिअर म्हणजे ती पुसणे. इम्पोर्टपूर्वीही थांबून यादी वाचावी. एक डिस्क गेली तरी चालत राहणाऱ्या रेड ५ च्या मांडणीतली एक डिस्क सहा महिन्यांपूर्वी पडली होती आणि कोणी लाल दिव्याकडे पाहिले नव्हते, असे असेल तर ती शिळी डिस्क आज परत जिवंत दिसू शकते. तिला जबरदस्तीने ऑनलाइन केले तर सहा महिने जुना डेटा आजच्या डेटात मिसळतो आणि सगळ्याचा विचका होतो. कोणती डिस्क कधी पडली हे कंट्रोलरच्या लॉगमध्ये असते. डेलच्या आयड्रॅकमध्ये, एचपीच्या आयलोमध्येही हार्डवेअरच्या घडामोडी तारखेनिशी सापडतात. डिस्क बाहेर पडलेली असताना कंट्रोलर 'प्रिझर्व्ह्ड कॅश' शिल्लक आहे असे म्हणत असेल, तर ती टाकून देऊ नये. ते डिस्कवर जायचे राहिलेले शेवटचे व्यवहार असतात.

प्रत्यक्ष डिस्कच दिसत नसतील तर काम हाताचे आहे. पर्कचा एक जुना संदेश असा आहे की पूर्वीच्या मांडणीतल्या सगळ्या डिस्क गेल्या आहेत, हे अनपेक्षित असेल तर सर्व्हर बंद करून केबल तपासा. यंत्र बनवणाऱ्यांनीच पहिला संशय केबलवर घेतला आहे, हे पुरेसे बोलके आहे. आधी कान आणि बोटे वापरावीत. चालू करताना ट्रेच्या कडेला बोट टेकवले तर फिरणाऱ्या डिस्कची बारीक थरथर कळते. एकही फिरत नसेल तर वीज पोचत नाही. ठरावीक लयीत टक् टक् असा आवाज येत असेल तर ती डिस्क आतून बिघडली आहे. सर्व्हर लगेच बंद करावा आणि ती डिस्क पुन्हा चालवून पाहू नये. टॉवर सर्व्हरमध्ये पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मोठी डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेवरून साधारण २ अँपिअर खेचते, म्हणून आठ डिस्क एकदम सुरू झाल्या की जुना पॉवर सप्लाय बसतो. रिकाम्या सर्व्हरवर त्याचे व्होल्टेज बरोबर येते आणि भार पडताच कोसळते. त्यामुळे मोजमाप डिस्क सुरू होत असतानाच घ्यावे. दोन पॉवर सप्लाय असतील तर एकेकावर चालवून पाहावे.

वीज ठीक असेल तर सर्व्हर बंद करून, वायर काढून केबल दोन्ही टोकांना सैल झाली आहे का पाहावी. एसएफएफ ८०८७ नावाची चपटी मिनी एसएएस केबल खिट् आवाज करून बसते. तो आवाज आला नाही तर ती नुसती टेकलेली असते. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला चार टोके असलेली केबल नवीन आणत असाल तर सांभाळा: फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशा दोन जाती दिसायला सारख्याच असतात, पण एकीच्या जागी दुसरी लावली की एकही डिस्क दिसत नाही. साखर पट्ट्यात आणखी एक कारण धरले पाहिजे. आपल्याकडची बहुतेक पांढरी साखर सल्फिटेशन पद्धतीने बनते, त्यासाठी गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वापरतात. गंधकाचे वायू आणि दमट हवा एकत्र आली की तांबे आणि चांदी काळवंडते, हे डेटा सेंटरच्या अभ्यासात मान्य झालेले आहे. १ जुलै २००६ पासून युरोपच्या नियमामुळे बोर्डांवरचे शिसे गेले, आणि काही बोर्डांवर चांदीचा मुलामा आला; त्यावर हा परिणाम जास्त होतो. कारखान्याच्या आवारातल्या काटा ऑफिसात किंवा चिमणीच्या वाऱ्याखालच्या खोलीत ठेवलेला सर्व्हर बगॅसची राख आणि पावसाळी ओल दोन्ही खातो. तिथे कनेक्टर काढून परत बसवणे हीच अनेकदा दुरुस्ती ठरते. कार्डाची बोटे खोडरबरने घासण्याची आपली सवय मात्र सोडावी. सोन्याचा मुलामा पातळ असतो, तो जातो आणि रबराचे कण मागे राहतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सूत न सुटणारे कापड पुरते.

या तपासणीसाठी सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे डेटा नसलेली, चालू असल्याची खात्री असलेली एक जुनी डिस्क. मूळ डिस्क क्रमांक लिहून बाजूला काढायच्या आणि ही एकच डिस्क प्रत्येक खाचेत, दर वेळी सर्व्हर बंद करून, लावून बघायची. सगळीकडे दिसली तर वाट मोकळी आहे आणि संशय आता खरोखर मूळ डिस्ककडे जातो. कुठेच दिसली नाही तर दोष वाटेत आहे आणि मूळ डिस्क बहुधा निर्दोष आहेत. या काळात कंट्रोलर जुन्या डिस्क हरवल्याची तक्रार करील. त्याला काही नवे बनवू द्यायचे नाही, एवढे पाळले की मूळ डिस्क परत जागेवर लावल्यावर इम्पोर्टचा मार्ग खुला राहतो. वर सांगितलेली 'प्रिझर्व्ह्ड कॅश' शिल्लक असेल तर मात्र हा प्रयोग करू नये.

पडलेल्या डिस्कच्या जागी नवी आणली आणि तीच दिसत नाही, हे प्रकरण वेगळे आणि खूपदा भेटणारे. त्यात दोष डिस्कचा नसून जोडीचा असतो. पर्क ६/आय आणि त्या काळातले कंट्रोलर २ टीबीच्या पलीकडे पाहू शकत नाहीत, कारण ५१२ बाइटच्या तुकड्यांना ३२ बिटांत क्रमांक देत गेले तर सुमारे २.२ लाख कोटी बाइटवर आकडे संपतात. त्यात ४ टीबीची डिस्क घालणे म्हणजे पैसे वाया. एसएएस कंट्रोलर साटा डिस्क चालवतो, पण साटा पोर्टवर एसएएस डिस्क चालत नाही. बाजारातला ॲडॉप्टर लावून ती बसते, दिसत नाही. जुन्या बाजारातून आलेली डिस्क नेटॲप किंवा ईएमसीच्या स्टोरेजमधून निघालेली असेल तर तिचे तुकडे ५२० बाइटचे असतात आणि सर्व्हर तिला नाकारतो. लिनक्सवर एसजी फॉरमॅट वापरून ती ५१२ वर आणता येते, अर्थातच ती रिकामी असेल तरच. आणि २०१६ च्या साटा ३.३ पासून काही डिस्कना विजेच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की त्या बंदच राहतात. जुना पॉवर सप्लाय नेमका तिथे ३.३ व्होल्ट देतो. ती पिन कॅप्टॉन टेपने झाकली की डिस्क फिरू लागते, आणि दुकानदाराशी झालेले भांडण निष्कारण होते हे लक्षात येते.

नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना डिस्क सापडत नसतील तर हार्डवेअर उघडण्याची गरजच नाही. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट लिनक्स ८ ने पर्क ५ आणि ६ सारख्या कार्डांचा आधार काढून टाकला. ईएलरेपो या भांडारातला ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या वेळी दिला की त्याच डिस्क दिसतात. एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणाऱ्या, २०२० च्या ईएसएक्सआय ७ ने जुन्या ड्रायव्हरची सगळी पद्धतच बंद केली, तिथे जुने कार्ड बदलण्यावाचून उपाय नाही. विंडोजमध्ये 'लोड ड्रायव्हर' चे बटण याचसाठी आहे. आदल्या दिवसापर्यंत चालणारा सर्व्हर नव्या सीडीने डिस्क नाकारतो, तेव्हा बदलले काय याचा विचार केला तर उत्तर समोर असते.

पुराचे पाणी लागलेल्या डिस्कना मात्र वरचे काहीच लागू नाही. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर कृष्णाकाठाने पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले. हेलियम न भरलेल्या डिस्कच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक भोक असते, त्याच्याशेजारी ते झाकू नका असे छापलेलेही असते. पाणी आणि गाळ तिथूनच आत जातो. अशी डिस्क वाळवून चालू करणे हा डेटा घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण वाळलेला गाळ तबकडीवर चिकटतो आणि फिरताच ती ओरखडली जाते. उन्हात ठेवू नये, ड्रायर मारू नये, उघडू नये. ओली असतानाच हवाबंद पिशवीत घालून डेटा परत मिळवणाऱ्या लॅबकडे न्यावी.

या सगळ्याला सर्वांत जोरदार आक्षेप वेळेचा असतो. हंगाम चालू आहे, काट्यावर ट्रॅक्टरची रांग आहे, पतसंस्थेच्या काउंटरवर ठेवीदार उभे आहेत, आणि तुम्ही फोटो काढत बसा म्हणता. ही अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर काम आणि डेटा यांना वेगळे करण्यात आहे. काम दुसऱ्या साध्या संगणकावर, नाहीतर छापील पावतीपुस्तकावर लगेच सुरू करावे. त्यासाठी जुन्या डिस्क पुसाव्या लागत नाहीत. चार तासांच्या गैरसोयीची भरपाई होते, चार वर्षांच्या खात्यांची होत नाही. दुसरा आक्षेप: बॅकअप आहे, मग एवढी काळजी कशाला? बॅकअप कधीचा आहे आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून कोणी पाहिला आहे का, याचे उत्तर मिळाल्याशिवाय तो आहे असे धरू नये. तो बाहेरच्या डिस्कवर त्याच सर्व्हरला कायम जोडलेला असेल, तर विजेच्या त्याच झटक्यात तोही गेलेला असू शकतो. बॅकअप उघडून तपासला असेल तर मात्र बेधडक नव्याने उभारणी करा. तेव्हा जुन्या डिस्कवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप, असले जुने यंत्र जपायचेच कशाला, मला मान्य आहे. एकदा डिस्क दिसेनाशा झालेला पंधरा वर्षांचा सर्व्हर दुरुस्त करून पुन्हा रोजच्या व्यवहाराला जुंपणे चूक आहे. त्याला फक्त डेटा बाहेर काढण्यापुरता उठवावा आणि मग निवृत्त करावा. उठल्यावरचे पहिले काम डेटा उचलणे. रिबिल्ड नंतर. रिबिल्ड म्हणजे उरलेल्या सगळ्या थकलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे, आणि रेड ५ मध्ये त्या ताणात दुसरी पडली तर सगळेच संपले. एखादी डिस्क अडखळत वाचत असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यूने तिची नक्कल घ्यावी. हे साधन सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि कुठे अडले याची नोंद ठेवत नंतर तिकडे वळते. डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या स्मार्टच्या नोंदीत पुन्हा नेमलेले किंवा रखडलेले तुकडे वाढत असतील तर दोष डिस्कचा. सीआरसी चुका वाढत असतील तर केबलचा.

स्वतः काय करायचे आणि कुठे थांबायचे, याची सीमा स्पष्ट आहे. केबल, बॅटरी, पॉवर सप्लाय, बायोस, कार्ड एवढे ऑफिसातल्या समजूतदार माणसाने किंवा गावातल्या हार्डवेअरवाल्याने पाहावे. टक् टक् करणारी डिस्क, पाण्यात गेलेली डिस्क आणि दोन डिस्क पडलेली रेड ५ ही पुण्या-मुंबईच्या लॅबची कामे आहेत. तिकडे पाठवताना मांडणीतल्या सगळ्या डिस्क पाठवाव्यात, मागच्या वर्षी पडून कपाटात टाकलेलीसुद्धा, आणि कंट्रोलरचे कार्ड किंवा निदान त्याचे मॉडेल. प्रत्येक डिस्क वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती दोन बोटे फोम, वर खाचेचा क्रमांक. सोबत एका कागदावर रेडचा प्रकार, कोणती डिस्क कोणत्या तारखेला पडली, त्यानंतर कोणी काय केले हे लिहावे. काही चुकीचे केले असेल तर तेही लिहावे. लॅबला ते आधी कळले तर काम कोणत्या डिस्कपासून सुरू करायचे हे ठरवता येते.